बोगनव्हिल : जमिनीच्या वारसदार स्त्रिया आणि त्रयस्थाचा शोध

प्रशांत महासागराच्या नैर्ऋत्य भागातील बोगनव्हिल हे बेट पापुआ न्यू गिनी या देशात मोडत असले, तरी भूगोल, भाषा आणि सोयरीक या तिन्ही अंगांनी ते शेजारच्या सॉलोमन द्वीपसमूहाचे उत्तर टोक आहे. देशाची राजधानी पोर्ट मोर्सबी तेथून सुमारे हजार किलोमीटरवर आहे, तर सॉलोमन बेटांची हद्द दक्षिण किनाऱ्यावरून यंत्र लावलेल्या छोट्या होडीने सहज गाठता येते. १७६८ मध्ये लुई आंत्वान द बूगॅनव्हिल हा फ्रेंच दर्यावर्दी या किनाऱ्याजवळून गेला आणि त्याचे नाव बेटाला चिकटले. आपल्याकडच्या कुंपणांवर फुलणारी बोगनवेल त्याच्याच नावाची आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनी आणि ब्रिटन यांनी सॉलोमन द्वीपसमूहाची आपसात वाटणी केली, तेव्हा बोगनव्हिल आणि त्याच्या उत्तरेचे बुका ही बेटे जर्मनीकडे राहिली. १९१४ मध्ये ती ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात गेली आणि दुसऱ्या महायुद्धातील जपानी अंमलाचा काळ सोडला, तर १९७५ पर्यंत ऑस्ट्रेलियाच्याच कारभाराखाली होती. १६ सप्टेंबर १९७५ रोजी पापुआ न्यू गिनी स्वतंत्र झाला. त्याच्या पंधरवडाभर आधी, १ सप्टेंबरला, बोगनव्हिलच्या नेत्यांनी आपले वेगळे प्रजासत्ताक जाहीर केले होते, पण जगातील एकाही राष्ट्राने त्याला मान्यता दिली नाही आणि पुढच्या वर्षी प्रांतिक सरकारच्या तडजोडीवर तो विषय तात्पुरता मिटला.

हा मिटलेला विषय १९८८ च्या अखेरीस पुन्हा पेटला आणि त्यातून सुमारे दहा वर्षे चाललेले युद्ध उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रशांत महासागराच्या बेटांवर याहून मोठा सशस्त्र संघर्ष झालेला नाही. नाकेबंदीत औषधावाचून गेलेले जीव धरून मृतांची संख्या १०,००० ते २०,००० असावी, असा अंदाज सर्रास दिला जातो. त्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, मात्र बेटाची त्या वेळची लोकसंख्या दोन लाखांच्याही आत होती हे लक्षात घेता कमीत कमी आकडादेखील भयंकर ठरतो. या युद्धाचा शेवट न्यूझीलंडच्या मध्यस्थीने झाला, म्हणून त्याचा इतिहास बहुधा न्यूझीलंडच्या मुत्सद्देगिरीचा इतिहास म्हणून सांगितला जातो आणि बेटावरील स्त्रियांच्या वाट्याला त्यात कौतुकाचा एखादा परिच्छेद येतो. ही मांडणी अपुरी आहे. बाहेरून आलेली मध्यस्थी १९९० पासून अनेकदा फसली आणि १९९७ मध्ये रुजली. या दोन टोकांच्या मध्ये जमीन तयार करण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत गावोगावच्या स्त्रिया आणि त्यांच्या संघटना यांचे स्थान पहिल्या रांगेतले आहे.

या स्त्रियांच्या शब्दाला वजन कोठून आले, हे समजण्यासाठी तेथील जमीनधारणेची पद्धत पाहावी लागते. दक्षिणेतील बुइनसारखे काही भाग वगळता बोगनव्हिलचे बहुतेक समाज मातृवंशीय आहेत, म्हणजे मूल आईच्या कुळाचे मानले जाते आणि कुळाची जमीन आईकडून मुलीकडे जाते. आपल्याकडे मेघालयातील खासी समाजात किंवा केरळच्या जुन्या नायर घराण्यांत अशी व्यवस्था ओळखीची आहे. मातृवंशीय म्हणजे मातृसत्ताक नव्हे. सभेत बोलणे, बाहेरच्यांशी वाटाघाटी करणे, करारावर सही करणे ही कामे सहसा आईच्या भावाकडे किंवा कुळातील अन्य पुरुषाकडे असत. परंतु जमिनीविषयीचा निर्णय स्त्रियांना विचारल्याशिवाय पक्का होत नसे आणि दोन कुळांत रक्तपात झाला, तर प्रतिष्ठित घराण्यातील स्त्रीने मध्ये पडून तो थांबवावा, ही जुनी रीत होती. टोक पिसिन या देशभर चालणाऱ्या संपर्कभाषेत अशा स्त्रियांना ‘मामा बिलाँग ग्राउन’, म्हणजे जमिनीच्या माता, म्हणतात.

ही व्यवस्था वसाहतीच्या कायद्याला दिसलीच नाही. १९६४ पासून मध्य बोगनव्हिलच्या डोंगरात पाङ्गुना येथे तांब्याचा शोध सुरू झाला, १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियन प्रशासन आणि खाणकंपनी यांच्यात करार झाला आणि १९७२ मध्ये उत्पादन सुरू झाले. भूगर्भातील खनिज सरकारचे, असा ऑस्ट्रेलियन कायदा. जमिनीच्या वरचे आणि खालचे सगळे कुळाचे, अशी स्थानिकांची धारणा. या दोहोंची पहिली उघड टक्कर ऑगस्ट १९६९ मध्ये रोरोव्हाना गावच्या किनाऱ्यावर झाली. बंदरासाठी तेथील जमीन मोजायला आलेल्या लोकांनी रोवलेला खुंट गावच्या स्त्रियांनी पोलिसांच्या देखत उपटला, त्यावर लाठ्या आणि अश्रुधूर वापरण्यात आला आणि त्या झटापटीची छायाचित्रे ऑस्ट्रेलियाच्या वृत्तपत्रांत छापून आल्यावर तेथील जनमत चांगलेच ढवळून निघाले. बोगनव्हिलच्या स्त्रियांचे गाऱ्हाणे बेटाबाहेरच्या जगाने ऐकण्याची बहुधा ही पहिलीच वेळ होती. किनाऱ्यावरच्या मूठभर स्त्रियांमुळे दूरच्या सरकारला उत्तर द्यावे लागते, हा धडा तेव्हाचा आहे.

पाङ्गुनाची खाण ही जगातील सर्वांत मोठ्या उघड्या तांबेखाणींपैकी एक ठरली. १९७२ ते १९८९ या काळात देशाच्या एकूण निर्यातीतील सुमारे ४४ टक्के आणि सरकारच्या अंतर्गत महसुलातील सुमारे १७ टक्के वाटा या एका खाणीतून आला. खोदलेला दगड आणि तांबे काढून उरलेला गाळ मिळून एक अब्ज टनांहून अधिक कचरा जाबा नदीच्या खोऱ्यात गेला. नदीचे पात्र भरून वर आले, मासे गेले आणि काठच्या भाजीपाल्याच्या व कंदांच्या बागा गाळाखाली गाडल्या गेल्या. बागा स्त्रियांच्या श्रमावर चालत असल्यामुळे हे नुकसान आधी त्यांच्या घरात शिरले. भरपाईची रक्कम मात्र ज्यांची नावे हक्कदारांच्या यादीत होती त्यांनाच मिळे, आणि ती नावे बहुतांशी पुरुषांची होती. १९८७ मध्ये तरुण पिढीने जमीनमालकांची नवी संघटना उभारली, तेव्हा तिच्या अध्यक्षपदी पर्पेतुआ सेरेरो ही स्त्री आणि चिटणीसपदी तिचा नातलग फ्रान्सिस ओना निवडून आला, ही गोष्ट त्या पार्श्वभूमीवर सहज समजते. सेरेरो १९८९ मध्ये वारल्या. ओना तोवर जंगलात गेले होते, खाणीला वीज पुरवणारे मनोरे सुरुंगाने उडवले जात होते आणि मे १९८९ मध्ये खाण बंद पडली, ती आजतागायत बंद आहे.

यानंतरचा युद्धक्रम थोडक्यात सांगता येतो. आणीबाणी पुकारून पाठवलेल्या सैन्याने गावे जाळली, ओना यांच्याभोवती बोगनव्हिल क्रांतिकारी सेना उभी राहिली, मार्च १९९० मध्ये सैन्य बेटावरून निघून गेले आणि पाठोपाठ सरकारने संपूर्ण नाकेबंदी लादली. १७ मे १९९० रोजी ओना यांनी स्वातंत्र्य जाहीर केले, तेही कोणी मान्य केले नाही. सैन्य टप्प्याटप्प्याने परतले, त्याच्या आधाराने स्थानिक तरुणांची ‘प्रतिकार दले’ उभी राहिली आणि सरकार विरुद्ध फुटीर असे दिसणारे युद्ध प्रत्यक्षात बोगनव्हिली विरुद्ध बोगनव्हिली असे झाले. एकाच आईचे दोन मुलगे दोन बाजूंना, अशी स्थिती अनेक कुळांत होती.

नाकेबंदीचे वर्णन सविस्तर करणे आवश्यक आहे, कारण स्त्रियांच्या शांतताकार्याचे मूळ त्या रोजच्या जगण्यात आहे. औषधे, मीठ, साबण, कपडे, इंधन, काडेपेट्या, शाळेच्या वह्या यांतले काहीही बेटावर येऊ दिले जात नव्हते. बंडखोरांच्या भागातील लोकांनी डोंगरात वर सरकून रताळ्याच्या नव्या बागा फोडल्या, नारळाच्या तेलावर गाड्या चालवल्या, त्याच तेलाचा साबण केला, झाडपाल्याच्या जुन्या औषधांची माहिती गोळा केली आणि झाडाखाली शाळा भरवल्या. पण लसीवाचून आणि हिवतापाच्या गोळ्यांवाचून मुले दगावत राहिली आणि अडलेल्या बाळंतिणीला वाचवण्याचे साधन कोणाजवळ नव्हते. औषधे आणण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे रात्रीच्या अंधारात होडीने सॉलोमन बेटांकडे जाणे, आणि त्या वाटेवर गस्ती नौकांचा तसेच ऑस्ट्रेलियाने पुरवलेल्या हेलिकॉप्टरांचा धोका असे. सरकारच्या ताब्यातील भागात दुसऱ्या तऱ्हेची कोंडी होती. तेथे हजारो कुटुंबांना ‘काळजी केंद्र’ असे नाव दिलेल्या छावण्यांत ठेवले होते आणि आपल्याच बागेत जाण्यासाठी बायकांना सैनिकांची परवानगी घ्यावी लागे. बलात्कार दोन्ही बाजूंच्या हत्यारबंदांनी केले. ज्यांनी हे सोसले, त्यांना कोणत्याही एका पक्षाच्या विजयातून आपली सुटका होईल असे वाटणे कठीण होते.

म्हणूनच स्त्रियांची पहिली मध्यस्थी परराष्ट्रांशी नव्हती, ती आपल्या मुलांशी होती. दक्षिण आणि नैर्ऋत्य भागातील आया गटागटाने जंगलात चालत जात, बंडखोरांच्या तळावर मुलांशी आणि त्यांच्या नायकांशी बोलत, आणि त्यांनी परत यावे किंवा निदान एखाद्या भागात गोळीबार थांबवावा म्हणून रदबदली करत. परतताना सैनिक त्यांच्याकडे हेर म्हणून पाहत आणि जाताना बंडखोरही तसेच पाहत. प्रार्थनासभा, मूक मोर्चे आणि उपास यांचा आधार त्यांनी घेतला, कारण युद्धाने सरकारी कचेऱ्या, बाजार आणि शाळा मोडल्या असल्या तरी चर्चच्या महिला मंडळांचे जाळे शाबूत होते आणि धर्मकार्यासाठी निघालेल्या बाईला चौकीवर अडवणे सैनिकालाही जड जाई. १९९२ मध्ये बुका येथे हेलन हाकेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लैताना नेहान ही स्त्रियांची संस्था स्थापन केली. १९९५ मध्ये निरनिराळ्या पंथांच्या महिला मंडळांचा आंतरचर्च महिला मंच उभा राहिला आणि त्याच्या कामात सिस्टर लॉरेन गारासू या जोगिणीने पुढाकार घेतला. ऑगस्ट १९९६ मध्ये या मंचाने आरावा शहरात भरवलेल्या आठवडाभराच्या शांतता परिषदेला सुमारे ७०० स्त्रिया आल्या. त्या काळी एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होते.

या सर्व स्त्रिया एका मताच्या होत्या असे मानणे चूक ठरेल. आंतरचर्च मंच प्रामुख्याने सरकारच्या ताब्यातील भागात काम करत होता आणि आधी बंदुका थांबाव्यात, राजकीय प्रश्न नंतर सोडवावा, अशी त्याची धारणा होती. याउलट नाकेबंदीच्या आत राहणाऱ्या स्त्रियांनी १९९५ मध्ये ‘शांतता आणि स्वातंत्र्यासाठी बोगनव्हिलच्या स्त्रिया’ या अर्थाचे नाव घेऊन वेगळी संघटना केली, तिचे नेतृत्व बंडखोर सेनापती सॅम काउओना यांच्या पत्नी जोसेफिन सिरिवी यांच्याकडे होते आणि स्वयंनिर्णयाशिवाय शांतता टिकणार नाही, असे ती ठामपणे म्हणत होती. तिसरा गट परागंदा झालेल्यांचा होता. सॉलोमन बेटांची राजधानी होनियारा आणि ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील स्त्रिया पत्रके काढत, औषधे जमवत आणि बेटावरून आलेली माहिती मानवी हक्क संघटनांपर्यंत पोहोचवत. सिडनीतील मॅरिलिन हाविनी या मूळच्या ऑस्ट्रेलियन, विवाहाने बोगनव्हिलच्या. त्यांचे काम या गटात विशेष मोलाचे आहे. १९९५ मध्ये बीजिंगला भरलेल्या चौथ्या जागतिक महिला परिषदेच्या निमित्ताने बोगनव्हिलच्या काही स्त्रियांनी आपला प्रश्न जगासमोर नेला, आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क यंत्रणेचे विशेष प्रतिवेदक बाक्रे वाली न्दियाये हे बेकायदा हत्यांच्या चौकशीसाठी बेटावर येऊन गेले.

बाहेरच्या मध्यस्थाची मागणी करताना खरा पेच होता तो त्रयस्थ कोणाला म्हणायचे हा. ऑस्ट्रेलिया हा या भागातील सर्वांत बलाढ्य देश, पण खाणीचा करार त्यानेच केला होता, पापुआ न्यू गिनीच्या सैन्याला प्रशिक्षण आणि हेलिकॉप्टरे त्याचीच होती. बंडखोरांच्या लेखी तो प्रतिपक्ष होता. सॉलोमन बेटांचे सरकार सहानुभूतीचे असले तरी दुबळे होते आणि त्याच्या हद्दीत पापुआ न्यू गिनीचे सैनिक घुसत असत. संयुक्त राष्ट्रे हा देशाचा अंतर्गत मामला मानून मध्यस्थीपासून दूर राहिली. यापूर्वीचे प्रयत्न याच खडकावर आपटले होते. १९९० मध्ये न्यूझीलंडच्या ‘एन्डेव्हर’ या नौदलाच्या जहाजावर करार झाला, पण नाकेबंदी कशी उठवायची यावरून तो काही आठवड्यांतच निकामी झाला. जानेवारी १९९१ च्या होनियारा जाहीरनाम्यातील आंतरराष्ट्रीय देखरेख कागदावरच राहिली. ऑक्टोबर १९९४ मध्ये आरावा येथे टोंगा, फिजी आणि व्हानुआटू यांच्या सैनिकांच्या संरक्षणात परिषद भरली, स्त्रियांनी तिला मोठी हजेरी लावली, पण जिवाच्या भीतीने बंडखोरांचे मुख्य नेते आलेच नाहीत. या परिषदेतून पुढे आलेले मवाळ नेते थिओडोर मिरिउंग यांची ऑक्टोबर १९९६ मध्ये हत्या झाली आणि उरलीसुरली आशाही मावळल्यासारखी झाली.

कोंडी फुटली ती एका अविचारी निर्णयाच्या उलट्या परिणामाने. पंतप्रधान ज्युलियस चॅन यांच्या सरकारने १९९७ च्या आरंभी सँडलाइन या परदेशी भाडोत्री सैनिकांच्या कंपनीशी ३ कोटी ६० लाख अमेरिकन डॉलरचा करार केला. मार्चमध्ये देशाचे लष्करप्रमुख जेरी सिंगिरोक यांनीच तो मानण्यास नकार दिला, भाडोत्री सैनिक परत पाठवले गेले आणि चॅन यांना पायउतार व्हावे लागले. न्यूझीलंडचे परराष्ट्रमंत्री डॉन मॅकिनन यांनी ही संधी साधली. जुलै १९९७ मध्ये क्राइस्टचर्चजवळच्या बर्नहॅम लष्करी तळावर बोगनव्हिलचे परस्परविरोधी गट एकत्र आणले गेले आणि यजमानांनी माओरी पद्धतीने त्यांचे स्वागत करून चर्चेची सूत्रे पाहुण्यांच्याच हाती दिली. पापुआ न्यू गिनीच्या सरकारला या पहिल्या फेरीत स्थान नव्हते. आधी घरातले भांडण मिटावे, मग दारातले, हा त्यामागचा विचार होता. आया गेली सात वर्षे जंगलवाटांवर जे करत होत्या त्याची ही मोठ्या प्रमाणावरची आवृत्ती होती. बर्नहॅमला स्त्रियाही उपस्थित होत्या, आणि दोन्ही बाजूंच्या स्त्रियांना परस्परांशी बोलण्याची सवय पुरुष नेत्यांच्या आधीपासून असल्याचा लाभ तेथे झाला, असे म्हणण्यास आधार आहे.

ऑक्टोबरमध्ये युद्धविराम झाला आणि वर्ष संपण्यापूर्वी न्यूझीलंडच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलिया, फिजी आणि व्हानुआटू यांचे निरीक्षक पथक बेटावर उतरले. हे पथक निःशस्त्र होते. शस्त्रांवाचून आलेल्या परक्याच्या सुरक्षिततेची हमी गावाला द्यावी लागते आणि ही हमी देणाऱ्यांत गावच्या स्त्रिया आघाडीवर होत्या. पथकात स्त्री निरीक्षकही असल्यामुळे पुरुषांच्या सभेत न बोलली जाणारी माहिती त्यांच्यापर्यंत येई. जानेवारी १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या लिंकन विद्यापीठात पुढचा करार झाला, तेव्हा बोगनव्हिलच्या ५० स्त्रिया तेथे होत्या. त्यांनी करारासोबत आपले स्वतंत्र निवेदन दिले. कुळाच्या वारशाने जमीन आमच्या स्वाधीन आहे, म्हणून बेटाच्या भवितव्याविषयीच्या प्रत्येक टप्प्यावर आम्हाला स्थान हवे, असा त्याचा आशय होता. जंगलातल्या आणि छावणीतल्या स्त्रियांचे राजकीय मतभेद त्या दिवशी मिटले नव्हते, तरीही निवेदन एकच निघाले. ३० एप्रिल १९९८ रोजी कायमची शस्त्रसंधी लागू झाली आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनीही बेटावर आपले छोटे राजकीय कार्यालय उघडले.

निवेदनातील मागणी मात्र पुरती मान्य झाली नाही. ३० ऑगस्ट २००१ रोजी आरावा येथे झालेल्या शांतता कराराने स्वायत्त सरकार, शस्त्रांची विल्हेवाट आणि पुढील काळात सार्वमत या तीन गोष्टी ठरवल्या. त्यापूर्वीच्या वाटाघाटी जसजशा कायद्याच्या मसुद्यांकडे वळल्या, तसतसे स्त्रियांचे प्रतिनिधित्व आटत गेले. २००४ च्या राज्यघटनेने विधिमंडळात उत्तर, मध्य आणि दक्षिण या विभागांसाठी स्त्रियांची एकेक, अशा तीन जागा राखून ठेवल्या. राखीव जागा आवश्यक होत्या, पण जमिनीच्या मालकिणीला तीन खुर्च्या हा हिशेब तोकडा आहे. खुल्या मतदारसंघातून निवडून येणारी पहिली स्त्री, जोसेफिन गेत्सी, विधिमंडळात पोहोचायला २०१५ साल उजाडले. हाकेना यांच्या संस्थेला २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महिला निधीशी संलग्न असा सहस्रक शांतता पुरस्कार मिळाला. तोवर ती युद्धातून घरी परतलेल्या पुरुषांची हिंसा आणि गावठी दारू यांच्याशी झगडू लागली होती.

२०१९ च्या अखेरीस झालेल्या सार्वमतात वैध मतांपैकी सुमारे ९८ टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. सार्वमत आयोगाचे अध्यक्षपद आयर्लंडचे माजी पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी सांभाळले होते. हा कौल बंधनकारक नसून पापुआ न्यू गिनीच्या संसदेने तो संमत करावयाचा आहे, त्यामुळे वाटाघाटी पुन्हा अडल्या आणि पुन्हा न्यूझीलंडकडे पाहावे लागले. २०२४ मध्ये त्या देशाचे माजी गव्हर्नर जनरल जेरी मातेपाराए यांची मध्यस्थ म्हणून नेमणूक झाली आणि जून २०२५ मध्ये दोन्ही सरकारे बर्नहॅमच्याच तळावर बसली. दरम्यान खाणीच्या परिसरातून २०२० मध्ये निवडून आलेल्या थिओनिला रोका माटबोब यांनी त्याच वर्षी स्थानिक रहिवाशांच्या वतीने रिओ टिंटो या मूळ खाणकंपनीविरुद्ध ऑस्ट्रेलियातील यंत्रणेकडे तक्रार नेली, आणि त्यातून नदीखोऱ्याच्या हानीची स्वतंत्र पाहणी सुरू झाली. स्वतंत्र बोगनव्हिलचा खर्च पाङ्गुनाच्या तांब्यातून भागवावा, असे तेथील अनेक नेते म्हणतात. २०१५ च्या खाणकायद्याने खनिजावरचा हक्क परंपरागत जमीनधारकांना दिला असल्यामुळे त्यांच्या संमतीशिवाय ती खाण उघडता येत नाही, आणि संमती देणाऱ्यांच्या यादीत मामाचे नाव लिहायचे की आईचे, यावर खाणीभोवतीच्या गावांत आजही वाद चालू आहे.